मॉरल सायन्सच्या तासाला कोण उठून जातं?

नागपुरात शाळाप्रवेशाचे दिवस आले की सदर, मोहननगर, सेमिनरी हिल्स या भागांतल्या मोठ्या फाटकांसमोर पालकांची गर्दी होते. फी किती, बस कुठपर्यंत येते, हे प्रश्न खिडकीवरच विचारले जातात. आणखी एक प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, पण तो खिडकीवर विचारत नाहीत, बाहेर टपरीवर चहा घेताना दुसऱ्या पालकाला विचारतात. “इथं बायबल शिकवतात का जी पोराईले?” उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो, “काही नाही होत. माझी दोन्ही पोरं इथंच शिकली, दोघंही घरी गणपती बसवतात.” दुसरा म्हणतो, “सांभाळून राहा बाप्पा.” दोघंही आपापल्या जागी ठाम असतात आणि फाटकाच्या आत त्या विषयाचं नेमकं काय चालतं हे दोघांनाही ठाऊक नसतं.

मी अशाच एका कॅथलिक शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे आतलं बरंच बघायला मिळालं आणि जे बघितलं ते आपल्या श्रद्धेच्या चष्म्यातून बघायची गरज पडली नाही. नातेवाईक, शेजारी, माजी विद्यार्थ्यांचे आईबाप हाच प्रश्न इतक्यांदा विचारतात, की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी शाळा कोणती ते ठरवू. आपल्याकडे विदर्भात नर्सरी-केजीलाच सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणून गल्लीतल्या पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलंय एवढ्याने ती शाळा चर्चची होत नाही. चर्चची असली तरी कॅथलिकच असेल असंही नाही. बिशप कॉटन शाळा किंवा १८८३ सालचं हिस्लॉप कॉलेज ही प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतली. चर्चच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, कॅथलिक शाळा ती, जी चर्चचा अधिकारी किंवा चर्चची मान्यताप्राप्त संस्था चालवते, किंवा जिला चर्चने तशी लेखी मान्यता दिली आहे. आणि अशी मान्यता नसेल तर शाळेने स्वतःला कॅथलिक म्हणवून घ्यायचं नाही, असाही नियम आहे.

नागपुरात या शाळांचं मूळ फ्रान्सच्या बाजूचं आहे. अ‍ॅनसी नावाच्या गावात १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने धर्मगुरूंचा एक संघ निघाला. त्या संघाचे लोक १८४५ मध्ये भारतात आले, विशाखापट्टणमला स्थिरावले आणि तिथून आत सरकत कामठीच्या छावणीपर्यंत, नागपूरपर्यंत आले. सदरच्या कॅथेड्रलला आणि १८७० पासूनच्या एसएफएस शाळेला याच संताचं नाव आहे. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपचा प्रदेश, झाला, १९५३ मध्ये आर्चबिशपचं ठिकाण. इतिहास एवढा पुरे.

आता वर्गात चला. वेळापत्रकात आठवड्यातून एक-दोन तासिकांपुढे ‘मॉरल सायन्स’ किंवा ‘व्हॅल्यू एज्युकेशन’ लिहिलेलं असतं. घंटा झाली की पन्नासेक मुलांच्या वर्गातून चार-पाच जण वह्या घेऊन उठतात. कोणीतरी बाकाखालून पाय आडवा घालतो, कोणीतरी कुजबुजतो, “मेरे लिए भी चॉकलेट लाना,” कारण तिकडे सिस्टर चॉकलेट वाटतात अशी ख्याती असते (वाटतात, पण सणासुदीलाच). हे चार-पाच आणि शेजारच्या तुकडीतले तेवढेच असे मिळून एक छोटा घोळका लायब्ररीत किंवा चॅपलशेजारच्या खोलीत जमतो. तिथे जे होतं ते कॅटेकिझम. मराठी ख्रिस्ती लोक त्याला धर्मशिक्षण म्हणतात. मागे राहिलेल्या मुलांना मिळतं ते नीतिशिक्षण.

वर्गातले इतके थोडेच का उठतात, असं बाहेरच्याला वाटतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सगळ्या पंथांचे मिळून ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. चर्चची शाळा म्हणजे ख्रिस्ती मुलांची शाळा, हे समीकरण नागपुरात लागू होत नाही. अशा शाळेत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, शीख मुलंच बहुसंख्य असतात आणि शिक्षकही. १९६५ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात इतर धर्मांची मुलं शिकतात त्या कॅथलिक शाळा चर्चला खास जवळच्या आहेत, असं आवर्जून म्हटलंय. म्हणजे ही तडजोड म्हणून सोसलेली गोष्ट नाही, चर्चच्या हेतूतच ती बसते.

पण मग अशा शाळेत ‘धर्म’ शिकवायचा म्हणजे काय करायचं? इथे चर्चने स्वतःच एक फरक केला आहे, आणि हा सगळा विषय त्या फरकावर उभा आहे. व्हॅटिकनच्या शिक्षणखात्याने १९८८ साली कॅथलिक शाळेतल्या शिक्षणाच्या धार्मिक बाजूवर एक दस्तऐवज काढला. त्यात धर्माचं ज्ञान देणं आणि श्रद्धा रुजवणं या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी वेगळ्या आहेत, असं स्पष्ट म्हटलंय. ज्ञान कुणालाही देता येतं. ख्रिस्ती लोक काय मानतात, का मानतात, त्यांचा इतिहास काय, हे भूगोलासारखं शिकता येतं, त्याची परीक्षाही घेता येते. श्रद्धा रुजवण्याचं काम मात्र ऐकणाऱ्याने तो संदेश आधीच आपला मानला असेल तरच सुरू होतं, आणि ते आयुष्यभर, श्रद्धावंतांच्या समाजात राहून चालतं. शाळेकडे तेवढा वेळही नाही आणि ती तशी जागाही नाही, असं तोच दस्तऐवज कबूल करतो. विद्यार्थ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं धर्मस्वातंत्र्य जपलं पाहिजे, श्रद्धा मांडणं वेगळं आणि लादणं वेगळं, हेही त्यातच आहे.

नागपुरातल्या त्या दोन खोल्यांना हा फरक लावून बघा. लायब्ररीतल्या खोलीत श्रद्धा रुजवण्याचं काम चालू आहे, फक्त ज्यांच्या घरी ती आधीच आहे त्यांच्यासाठी. वर्गात नीतीच्या गोष्टी चालू आहेत. आणि धर्माचं ज्ञान, जे दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून देता आलं असतं, ते कुठल्याच खोलीत नाही. माझी तक्रार आहे ती ही. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी लायब्ररीत जाऊ, कारण बाहेरच्यांना सगळ्यांत जास्त कुतूहल तिथलंच असतं.

धर्मशिक्षणाचा सांगाडा चार खांबांचा आहे. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात जो अधिकृत कॅटेकिझम ग्रंथ निघाला, त्याचेही हेच चार भाग. काय मानायचं, कसं साजरं करायचं, कसं वागायचं आणि प्रार्थना कशी करायची. पहिल्यात विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कलमं. दुसऱ्यात सात संस्कार. तिसऱ्यात दहा आज्ञा. चौथ्यात ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना. लहान वर्गांत चित्रं आणि येशूच्या गोष्टी, मधल्या वर्गांत अब्राहामापासूनचा इतिहास, मोठ्यांना चर्च, विवेक, वागणूक, असं ते वयाबरोबर वाढत जातं.

या प्रवासातला कळीचा टप्पा तिसरी-चौथीच्या आसपास येतो. त्याला प्रथम ख्रिस्तशरीर म्हणतात, बोलताना सगळे ‘फर्स्ट कम्युनियन’च म्हणतात. मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, धर्मगुरू गव्हाची पातळ, बिनखमिराची गोल चकती देतात. पीठ आणि पाणी, दुसरं काही चालत नाही. कॅथलिक श्रद्धा अशी, की धर्मगुरूंनी अभिमंत्रण केल्यावर ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. रूप, रंग, चव तीच राहते. आपल्याला समजायला सोपं जावं म्हणून सांगते, पूर्ण जुळत नाही हे धरून: चितार ओळीत रांगेने मांडलेली गणपतीची मूर्ती आपण हातात धरून भाव करतो, तीच घरी प्राणप्रतिष्ठा झाल्यावर आपण तिच्यापुढे पाय पसरून बसत नाही. माती तीच असते.

जुन्या काळी युरोपात मुलांना या संस्कारासाठी बऱ्याचदा दहा-बारा, चौदा वर्षांपर्यंत थांबवत. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने ते वय सातच्या आसपास आणलं. अट साधी ठेवली, की मुलाला या भाकरीतला आणि जेवणातल्या भाकरीतला फरक कळला पाहिजे. सात हेच का? कारण चर्चच्या कायद्यात सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला बऱ्यावाइटाची समज आली असं गृहीत धरतात.

ती समज कशी आणतात हे मी एकदा जवळून पाहिलं. पेपरांचा गठ्ठा घेऊन चॅपलच्या व्हरांड्यातून चालले होते. आत सिस्टर मुलांची तालीम घेत होत्या. मुलं रांगेत, हात जोडलेले. तालमीला अभिमंत्रण न केलेल्या चकत्या वापरतात. सिस्टर चकती वर धरून म्हणत, “ख्रिस्ताचं शरीर,” आणि मुलाने “आमेन” म्हणून ती तोंडात घ्यायची. एका मुलाने घेतली, चघळली आणि रांगेतूनच जाहीर केलं, “सिस्टर, ये तो पापड जैसा है.” मागची सगळी रांग फुटली. सिस्टर रागावल्या नाहीत. “आज पापडच आहे,” त्या म्हणाल्या. “रविवारी नसेल.” मग त्यांनी रांग पुन्हा लावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पापड म्हणणारा मुलगा या वेळी चघळला नाही, नुसता गप्प उभा होता आणि सिस्टरांच्या हाताकडे बघत होता. मोठमोठ्या धर्मपंडितांनी शतकानुशतकं ज्यावर ग्रंथ लिहिले, ते त्याला दोन वाक्यांत मिळालं होतं. पटलं की नाही, तो त्याचा प्रश्न.

कम्युनियनच्या आधी पहिली कबुली असते. लहान मूल धर्मगुरूंजवळ जाऊन आपल्या चुका सांगतं. आपल्याकडच्या लोकांना हे फार विचित्र वाटतं, एवढ्याशा पोराने कसली पापं केली असणार म्हणून. तयारीत शिकवतात ते क्रमाने असं: दिवस आठवायचे, काय चुकलं ते शोधायचं, वाईट वाटून घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, आणि मग जे प्रायश्चित्त मिळेल ते करायचं. प्रायश्चित्त म्हणजे बहुधा एखादी प्रार्थना, किंवा ज्याला दुखावलं त्याची माफी मागणं. मुलं भीतीपोटी चिठ्ठीवर यादी करून आणतात. भावाला मारलं, आजीचे पैसे उचलले, मिसला खोटं सांगितलं. सिस्टर ती चिठ्ठी नंतर फाडून टाकायला लावतात. धर्मगुरूंवर तर पक्कं बंधन आहे, की कबुलीत ऐकलेलं कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगायचं नाही. ते मोडलं तर चर्चच्या कायद्यातली सगळ्यांत कडक शिक्षा होते. शिक्षिका म्हणून मला यातला ‘मोठ्याने सांगायचं’ हा भाग फार मोलाचा वाटतो. आमच्या वर्गांत चूक पकडली जाते, सांगितली जात नाही.

पुढे आठवी-नववीच्या वयात दृढीकरण येतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी बाळाच्या वतीने जे ‘हो’ म्हटलं, ते आता मुलाने स्वतः म्हणायचं. तो संस्कार शक्यतो बिशप देतात, कपाळावर सुगंधी तेल लावून.

पण ही सगळी तयारी शाळेची जबाबदारी आहे का? चर्चचं उत्तर ‘नाही’ असं आहे, निदान पहिली जबाबदारी नाही. पहिले शिक्षक आईबाप, असं व्हॅटिकन परिषद म्हणते, आणि कॅनन लॉ तर आईबापांनी शब्दाने आणि वागण्याने मुलांना घडवणं हे कर्तव्यच ठरवतो. मग येतो धर्मग्राम, म्हणजे त्या भागातलं चर्च आणि त्याचे लोक. रविवारच्या मिस्सेच्या आधी किंवा नंतर तिथे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात आणि फर्स्ट कम्युनियनची खरी नोंदणी तिथेच होते. शाळेचा नंबर तिसरा. रविवारच्या या वर्गांचा पसारा सोळाव्या शतकात ज्याने मिलानमध्ये वाढवला, त्या आर्चबिशपचं नाव चार्ल्स बोरोमिओ. त्याच्याच नावाने नागपुरात धर्मगुरू घडवणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, आणि बालोद्यानाकडे जाताना आपण ज्या टेकडीला सहज सेमिनरी हिल्स म्हणतो, तिला ते नाव या सेमिनरीमुळे मिळालं.

तिसऱ्या नंबरवरच्या शाळेकडून मात्र नागपुरातले बरेच कॅथलिक आईबाप पहिल्या नंबरची अपेक्षा करतात, असं मला दिसलं. फी भरली, सिस्टर बघतील. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात सिस्टर काय काय बघणार? शिवाय भाषेची गोम आहे. इथला कॅथलिक समाज एका रंगाचा नाही. मराठी घरं आहेत, छावणी आणि रेल्वेबरोबर आलेली तमिळ घरं आहेत, मल्याळी, गोव्याकडची, अँग्लो-इंडियन, छोटानागपूरकडून आलेली आदिवासी घरं आहेत. आजी तमिळमध्ये जपमाळ करते, चर्चमध्ये मिस्सा हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि शाळेतलं धर्मशिक्षण इंग्रजीत. मुलाला प्रार्थना घडाघडा पाठ असते, पण आजीबरोबर ती म्हणता येत नाही. मराठीच्या शिक्षिकेला हे खुपणारच. तरीही मला वाटतं, आजीच्या भाषेतली एक प्रार्थना त्या तासाला शिकवली असती तर दहा धड्यांचं काम झालं असतं.

शिकवतं कोण, हाही मुद्दा आहे. कायद्याने धर्मशिक्षणाचे शिक्षक नेमण्याचा किंवा त्यांना मान्यता देण्याचा अधिकार बिशपचा, आणि ते शिक्षक शिकवणुकीत, वागणुकीत, शिकवण्याच्या कलेत चांगले असावेत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ज्या तासाला जी कॅथलिक शिक्षिका मोकळी असेल तिच्याकडे तो वर्ग जातो. काही बायका त्यातही जीव ओततात. काही पुस्तक वाचून दाखवतात आणि वह्या तपासतात.

आता वर्गात मागे राहिलेल्या पंचेचाळिसांकडे वळू. त्यांच्या मॉरल सायन्सच्या पुस्तकात देव असतो, पण नाव नसलेला. खरं बोला, पाणी वाचवा, म्हाताऱ्यांना मदत करा. धड्याखाली प्रश्न: सत्य बोलण्याचे तीन फायदे लिहा. असा प्रश्न बघितला की मला हसू येतं, कारण आमच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाने खोटं बोलण्याचे पाच सहज लिहिले असते. हा विषय कुणालाही दुखावू नये म्हणून इतका गुळगुळीत केलेला असतो की तो कुणाच्या मनाला लागतही नाही. बायबल शिकवतील म्हणून घाबरलेल्या पालकाने हे पुस्तक एकदा उघडून बघावं. भीती तरी जाईल.

मुलांवर खरा ठसा उमटतो तो पुस्तकाबाहेर. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना, फळ्यावरचा क्रूस, डिसेंबरात व्हरांड्यात मांडलेला येशूजन्माचा गोठा, शाळेच्या संताचा सण. व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रातही कॅथलिक शाळेचं वेगळेपण विषयांत न सांगता वातावरणात सांगितलंय. वार्षिक परीक्षेच्या सकाळी मेरीच्या गुहेसमोर जाऊन बघा. बूट-मोजे काढून उभी असलेली मुलं, कुणाच्या कपाळावर टेकडीच्या गणपतीचा शेंदूर अजून ओला, कुणाच्या मनगटावर ताजबागच्या दर्ग्याचा धागा. कोणी त्यांना तिथे उभं केलेलं नसतं. गणिताच्या पेपरनेच केलेलं असतं.

या वातावरणाचा एक किस्सा. पालकसभेला एका मुलीचे वडील माझ्यापाशी आले, आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, पोरगी जेवायच्या आधी कपाळ-छाती-खांदे असं असं करून राहिली जी.” क्रूसाची खूण करत होती. चौकशी केली तर डब्याची जोडीदारीण कॅथलिक. ती डबा उघडण्याआधी खूण करते आणि ‘आधी देवाचं, मग आपलं’ म्हणते. हिला ते आवडलं. मी त्यांना खुणेचा अर्थ सांगितला, बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आपल्यावर क्रूस काढणं. मग म्हटलं, घरी ‘वदनी कवळ घेता’ म्हणता का? ते गप्प झाले. कुणीच म्हणत नव्हतं.

त्यांची काळजी मात्र मी हसण्यावारी नेली नाही, आणि कुणी नेऊही नये. नागपुरात या काळजीला इतिहास आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. शाळा, दवाखाने यांच्या आडून धर्मांतर होतं का, हा त्या समितीपुढचा मोठा प्रश्न होता. १९५६ मध्ये तिचा कडक अहवाल आला आणि तो वाद आजवर मिटलेला नाही. आणि त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात याच शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे एकाच वर्गात एका मुलाच्या घरी धर्मांतर हा अभिमानाचा दिवस असतो आणि शेजारच्याच्या घरी धोक्याचा इशारा. मिशन शाळेबद्दल बोलताना हे दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.

चर्चचे नियम इथे काय सांगतात? कुणालाही विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडायचं नाही, हे कॅनन लॉमध्ये आहे. १९६५ च्या डिसेंबरातल्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्राचाही तोच गाभा. लहान बाळाच्या बाप्तिस्म्याला आईबापांपैकी एकाची तरी संमती लागते. जाणत्या वयात आलेल्याची स्वतःची इच्छा लागते, आणि मोठ्या माणसाला आधी शिकवणुकीच्या दीर्घ टप्प्यातून जावं लागतं. म्हणजे असेंब्लीत प्रार्थना म्हटल्याने, मेरीपुढे हात जोडल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. तसं चर्चही मानत नाही. नियम कागदावर असतात आणि माणसं माणसांसारखी वागतात, हे खरंच. म्हणून देशाचा कायदाही माहीत हवा.

तो संविधानाच्या २८ व्या कलमात आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत देता येतं, पण त्यात किंवा उपासनेत कुणालाही सक्तीने बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. ३० वं कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, आणि २०१४ च्या निकालानंतर शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, म्हणून तिथे पंचवीस टक्के राखीव जागांचा प्रवेश मागता येत नाही. पण या सवलतीने २८ वं कलम पुसलं जात नाही. धर्मप्रसाराच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं, की आपल्या धर्माची तत्त्वं मांडायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायचा हक्क त्यात येत नाही. आणि भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणा, जमेल तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली ठेवा.

राहिली ती रिकामी जागा. धर्मांविषयी शिकवणं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं, की धर्मांचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण या वेगळ्या गोष्टी, पहिलीला संविधानाची आडकाठी नाही. मग सहावी-सातवीच्या वर्गात, कुणालाही उठून जायला न लावता, एक तास असा का असू नये, की ज्यात ती डब्याची जोडीदारीण क्रूसाची खूण समजावेल, दुसरा मुलगा त्रिसरण म्हणून अर्थ सांगेल, तिसरी रोजा का धरतात ते सांगेल, आणि शिक्षिका कुणाचंही गुळगुळीत न करता प्रश्न विचारेल? मी एकदा स्टाफ मीटिंगला हे सुचवलं. सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी विचारलं, पालकांना काय सांगायचं? तो विषय तिथेच थांबला, आणि थांबवणाऱ्यात सिस्टर नव्हत्या, आमच्यातलेच होते.

तुमचं मूल अशा शाळेत घालणार असाल तर टपरीवर विचारू नका, मुख्याध्यापिकेला विचारा. या प्रश्नाचं त्यांना वाईट वाटत नाही. असेंब्लीत कोणती प्रार्थना होते, माझ्या मुलाने ती म्हणायची नसेल तर चालेल का, संमतीची ओळ प्रवेश अर्जात कुठे आहे, नीतिशिक्षणाचं पुस्तक कोणतं. तुम्ही कॅथलिक असाल तर धर्मशिक्षण कोण घेतं ते विचारा, आणि रविवारच्या वर्गाचं नाव चर्चमध्ये जाऊन घाला. आणि दोघांनीही हे विचारा, की फेब्रुवारीत तो तास कुठे जातो. मी पाहिलं तोवर तो गणिताला जायचा, दोन्ही खोल्यांतला.